अखजीची घागर

दादाराव संत्र्याच्या बगीच्यात ड्रिपची फुटलेली नळी जोडत होते, तेव्हा बायकोच्या, वच्छलाच्या नंबरवरून फोन आला. हात चिखलाने भरले होते. ते पायजम्याला पुसून त्यांनी फोन कानाला लावला आणि नेहमीसारखं विचारलं,

"बसली का गाडीत?"

पलीकडून पुरुषाचा आवाज आला. तो पांढुर्णा–सौंसर गाडीचा कंडक्टर होता.

"काकाजी, तुम्ही या बाईचे कोण लागता? सौंसरच्या दवाखान्यात या बरं. लवकर या."

"काऊन? काय झालं?"

"तुम्ही या त खरं."

वच्छला खिडकीला डोकं टेकून बसली होती. आजूबाजूच्यांना वाटलं, बाई झोपली. सौंसरच्या स्टँडवर सगळे उतरले, ती उतरली नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, तिला त्रास झाला नसणार. कंडक्टरने तिची कापडी पिशवी दादारावांच्या हातात दिली. पिशवीत तिचा चश्मा होता, तिळगुळाचा रिकामा डबा होता आणि चित्रांचे पत्ते होते.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे दिवस होते. वच्छला सकाळी तिगावला गेली होती, अमिताच्या घरी. अमिताचा मुलगा गौरव त्यांच्या लेकीसारखाच, चंचलसारखाच होता. वच्छलाची आधीची फेरी अमिताच्या सासूने दारातूनच परतवली होती. "हळदीकुंकू घेऊन गेली त कशी परतवते पाहतो," असं म्हणून ती हसत घरून निघाली होती.

चंचल ही दादारावांची एकुलती एक मुलगी, अठ्ठावीस वर्षांची. तिच्या अवस्थेचं डाउन सिंड्रोम हे नाव त्यांना ती मोठी झाल्यावर कळलं, तोवर लोक मंद म्हणत. नाव चंचल अन् पोरगी अशी धिमी, असं कोणी म्हटलं की वच्छला सांगायची, "नाव तिच्या आत्यानं ठेवलं. तक्रार पांढुर्ण्याले न्या."

दादाराव घरी पोचले तेव्हा चंचल ओसरीत हरभऱ्याची भाजी निवडत होती. ते आत जाऊन उभे राहिले. तेवढ्यात त्यांची बहीण सुधा पांढुर्ण्याहून गाडी करून आली. तिने भावाला बाजूला घेतलं.

"भाऊ, वहिनीले घरी आणाच्या आधी मी पोरीले घेऊन चालली. मायले अशी पाहीन त सोडणार नाई. झटका-बिटका आला त काय करसान?"

"तिले काय सांगू?"

"सांगू, आई जामसावळीले गेली. तिले काय समजते?"

जामसावळीच्या हनुमानजीपाशी दुखणाईत माणसं बरं वाटेपर्यंत राहतात. कोणी आठवडा, कोणी महिनाभर. इकडच्या घरांत ही रोजची गोष्ट आहे. त्यामुळे ते खोटं खोट्यासारखं वाटलं नाही. दादारावांनी मान हलवली. चंचल सुधाच्या गाडीत बसली, भाजीची परडी मांडीवर घेऊनच.

तेरावी झाल्यावर ती परत आली. दादाराव चुलीकडे पाहत म्हणाले, "आई जामसावळीले हाय. तबियत बरी नवती तिची."

चंचल त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली. मग "बरं" म्हणाली आणि तिने चहा ठेवला.

तिने पुढे कधी काही विचारलं नाही. जामसावळी काही लांब नाही. ही एक दिवस म्हणेल, चला आईले भेटायले, या धास्तीने दादाराव सकाळी उठायचे. ती म्हणाली नाही. सुरुवातीला त्यांना बरं वाटलं. मग त्यांचं त्यांनाच राहवेना. विचारलं नसतानाही ते सांगू लागले. सौंसरहून पेढे आणायचे आणि म्हणायचे, "आईनं परसाद पाठवला." एकदा म्हणाले, "तबियत सुधरून राहिली म्हणे." चंचलने पेढा दोन्ही हातांनी घेतला, देवापुढे ठेवला आणि बापाच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

"जेवा," ती म्हणाली. "तुम्ही जेवत नाई."

वच्छलाच्या मागे तिचं एक काम मात्र घरात चालू राहिलं होतं. नागपूरच्या डॉक्टरांचा एक अभ्यास होता. चंचलसारख्या माणसांची आठवण आणि समज टिकवता येते का, वाढवता येते का, हे त्यांना पाहायचं होतं. रोज सकाळी एक गोळी, आणि संध्याकाळी चित्रांच्या पत्त्यांच्या जोड्या लावायच्या. गोळीत दवाई आहे की नुसती पिठी, हे देणाऱ्यालाही माहीत नव्हतं. अभ्यासाची रीतच तशी होती. दादारावांना ते पटलं नव्हतं.

"पिठी निघाली त आपल्याले काय भेटलं?" त्यांनी वच्छलाला विचारलं होतं.

"चंचल झाली तवा आपल्याले सांगाले कोणी होतं का? डॉक्टरलेच मालूम नवतं. पुढच्याईले तरी मालूम राहीन." आणि मग हळू आवाजात, "अशा लेकराईले लवकर इसर पडते म्हणे. आपल्या मांगं तिनं आपलं नाव-गाव इसरू नये बाप्पा."

म्हणून ती सौंसर, पांढुर्णा, तिगाव करत फिरायची. अशी मुलं असलेली घरं शोधायची. माणसं आली तर अभ्यास इकडे चालेल, नाहीतर सगळ्यांनी नागपूरला खेटे घालायचे. ज्यांनी मुलांना लग्नकार्यात नेणं सोडलं होतं, त्यांच्याही चुलीपाशी जाऊन ती बसायची.

आता पत्ते खेळायला दादाराव बसायचे. मन लागत नसे. संत्र्याच्या जोडीला ते बैल लावायचे. चंचल त्यांचा हात धरून पत्ता मागे ठेवायला लावायची.

"बाबा, ध्यान द्या. रोज केलं का जमते."

चैत्र संपत आला. झाडांवर बोराएवढी संत्री धरली. एका दुपारी सुधाचा फोन आला.

"भाऊ, अखजी आली. वहिनीची पहिली घागर. तुमच्या इथी मांडली त पोरगी विचारन, ही कोणाची. माह्या घरी मांडू. तुम्ही सकाळीच या. तिले शेजारी ठेवा."

अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर मांडतात. वर खरबूज ठेवतात, आंबा ठेवतात, पानावर जेवण वाढतात. वच्छला दर वर्षी सासूची आणि सासऱ्याची मांडायची. तिची घागर तिच्याच घरात मांडायची नाही, हे दादारावांना लागलं. पण सुधाचं चुकीचं तरी कसं म्हणावं? त्यांना एकच भीती होती. चंचलला आज कळत नाही, म्हणून ती जेवते, झोपते, गाणं लावून भांडी घासते. ज्या दिवशी कळेल त्या दिवशी तिला सावरायला वच्छला नाही. आणि ते तर रोज सकाळी स्वतःच्या हाताने तिला समज वाढवायची गोळी देत होते.

त्या रात्री त्यांनी ठरवलं. अभ्यास बंद.

सौंसरच्या बसस्टँडमागे एका दवाखान्यातली खोली नागपूरच्या लोकांनी महिन्यातल्या एका दिवसापुरती मागून घेतली होती. श्रुती नावाची मुलगी तिथे तपासायला यायची. चंचलला तिचं येणं आवडायचं. अखजीच्या आधी तो दिवस आला, तेव्हा चंचल केसाला तेल लावून, नवी ओढणी घेऊन निघाली.

श्रुतीने चंचलला बिस्किटं दिली आणि दादारावांना बाहेरच्या बाकावर आणून बसवलं.

"काका, कसे आहात?"

"मॅडम, एक विचारायचं होतं. या गोळीनं तिले मागचं समजायले लागन का? म्हणजे, जे अजून समजलं नाई ते?"

"सगळे विचारतात, गुण येईल ना? तुम्ही घाबरून विचारताय."

"माय गेल्याचं तिले माहीत नाई." ते जमिनीकडे पाहत होते. "नाई समजलं तेच बरं हाय. मले तिचं नाव काढून घ्यायचं हाय. कोठी सही करायची ते सांगा."

वच्छला गेल्याचं श्रुतीला फोनवर कळलं होतं, पण ही गोष्ट नवी होती.

"तुम्ही म्हणाल तर नाव काढू, काका. तुमचा हक्क आहे. पण तिलाही विचारावं लागेल. ती लहान मूल नाही. सुरुवातीला काकू तिच्या वतीने हो म्हणत होत्या, तेव्हा मी थांबवलं होतं. मग काकूंनीच तिला विचारलं, आणि ती स्वतः हो म्हणाली. आता नाही म्हणायचं असेल, तरी तिनेच म्हणायला हवं."

"आईचं काही बोलू नका."

"मी नाही काढणार तो विषय."

ती आत गेली. खोलीला दार नव्हतं, हिरवा पडदा होता. दादाराव बाकावर बसून राहिले. आधी पत्त्यांचा आवाज आला. मग श्रुतीने एक छोटी गोष्ट सांगितली, बाई बाजारात जाते आणि छत्री विसरते. मग इकडचं तिकडचं विचारून ती म्हणाली, सांग बरं, बाई काय विसरली?

"छत्री," चंचल म्हणाली. "आन् इथी पंखा नाई लावला तुम्ही."

श्रुतीने पंखा लावला.

"चंचल, एक विचारू? हे गोळी घेणं, इथे येणं, पुढे चालू ठेवायचं का? नको असेल तर नको म्हण. कोणी रागावणार नाही."

"यायचं हाय. आईनं सांगतलं. बिस्कुट बी भेटते." मग खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि चंचल कुजबुजायला लागली. चंचलचं कुजबुजणं स्टँडवर ऐकू जाईल असं असायचं. "मॅडम, बाबासाठी गोळी हाय का?"

"बाबांना काय झालं?"

"समजत नाई त्याईले."

"काय समजत नाही?"

"आई मेली." चंचल एकेक शब्द वेगळा ठेवून बोलत होती. "आत्याच्या घरी बाया बसायले ये. माह्यासमोरच बोले. मी डाळ निवडे. आन् आईचा चश्मा घरीच हाय. चश्म्याबिगर आई कोठीच जात नाई. मी लय रडली. आत्याच्या न्हाणीत."

"मग बाबांना का नाही सांगितलं?"

"बाबा म्हणते आई जामसावळीले हाय. परसाद आणते. दुकानातला हाय थो, डब्यावर नाव असते." ती थांबली. "मी बरं म्हणतो. रोज थोडं थोडं जेवू घालतो. त्याईले एकदम सांगू नका, झटका येते. हळूहळू समजन. गोळी असन त द्या."

"अशी गोळी अजून निघाली नाही गं," श्रुती म्हणाली.

"मंग काढा नं," चंचल म्हणाली.

दादाराव उठून माठापाशी गेले. त्यांनी पेला भरला आणि तो हातात धरून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. पाणी त्यांच्या चपलांवर सांडत होतं. बाकावरच्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "काहो, चक्कर आली का?" त्यांनी मानेनेच नाही म्हटलं. आपल्याला रडू येतंय की हसू, हे त्यांना सांगता आलं नसतं. वच्छला गेल्यापासून ते एक ओझं उचलून चालत होते. आणि तेच ओझं दुसऱ्या टोकाला धरून पोरगी चालत होती, बापाच्या पायाखाली दगड येऊ नये म्हणून बघत.

चेहरा पुसून ते पडद्याआड गेले. श्रुतीने नाव काढून घ्यायचा कागद टेबलावर तयार ठेवला होता.

"राहू द्या," ते म्हणाले. "तिनं सांगतलं नं, यायचं हाय म्हणून."

"हो."

"खरी गोळी हाय का पिठी, ते समजन कवा?"

"अभ्यास संपल्यावर, काका. मलाही तेव्हाच."

"काई हरकत नाई."

बाहेर ऊन कडक होतं. दोघं दुकानांच्या सावलीने चालत निघाले. कापडाच्या दुकानाशी दादाराव थांबले. चंचल दोन पावलं पुढे गेली आणि मागे वळली.

"चंचल, आई गेली बेटा. जामसावळीले नाई. गेलीच."

चंचलने त्यांच्याकडे नीट पाहिलं. पत्त्यांची जोडी बरोबर लागली की नाही हे तपासताना ती अशीच पाहायची. मग तिने त्यांचा हात धरला.

"समजलं आता?"

"हो. समजलं."

"रडायचं असन त घरी रडू. इथी लोक हाय."

मग तीच रडायला लागली, तिथेच, लोकांसमोर. दादारावही रडले. कापडवाल्याने आतून स्टूल आणून दिलं. थोड्या वेळाने चंचलने ओढणीने आधी त्यांचं तोंड पुसलं, मग स्वतःचं.

"भूक लागली," ती म्हणाली.

त्यांनी आलुबोंडे खाल्ले. दादारावांनी पोटभर खाल्ले, आणखी मागवले. मग दोघं कुंभाराच्या ओळीत गेले. अखजीसाठी लाल घागरी मांडून ठेवल्या होत्या. दादारावांनी समोरची उचलली. चंचलने ती त्यांच्या हातातून घेऊन खाली ठेवली. ती उकिडवी बसली आणि बोटाच्या पेराने एकेक घागर वाजवून कान लावून ऐकू लागली. वच्छला अशीच घागर घ्यायची. चंचल मागे पिशवी धरून उभी असायची.

"आवो माय, फोडशीन सगळ्या," कुंभारीण म्हणाली.

"फुटली त ती कच्चीच होती," चंचल म्हणाली. हेही वच्छलाचंच बोलणं होतं. तिने एक घागर निवडली आणि ती घरापर्यंत मांडीवर धरून आणली.

अखजीच्या सकाळी दादारावांनी सुधाला फोन करून इकडेच यायला सांगितलं. कारण सांगितलं नाही. सुधा आली तेव्हा देवापुढे पाट मांडलेला होता. पाटावर गव्हाची रास, राशीवर घागर, वर खरबूज आणि आंबा. चंचल ओट्यापाशी वडे तळत होती. सुधा दारातच थबकली. तिने भावाकडे पाहिलं, मग चंचलकडे, आणि पदर तोंडाला लावला.

"भाऊ, हे काय करून बसले तुम्ही? पोरगी..."

"आत्या, या," चंचल झारा निथळवत म्हणाली. "बाबाले समजलं."

सुधाला आधी अर्थ लागला नाही. दादाराव पान वाढत होते. त्यांनी वर पाहिलं नाही, पण त्यांचे खांदे हलत होते, आणि या खेपेला ते हसत होते, हे सुधाला स्पष्ट दिसलं. ती भिंतीला टेकून खाली बसली.

"आन् मी अखजी कशी करावं म्हणून झोपली नाई रातभर," ती म्हणाली. "तुम्ही दोघं बाप-लेक मले मारता एखाद दिवशी."

"तुम्हीच म्हटलं, जामसावळीले गेली म्हणून," चंचल म्हणाली.

"चुकलं बाई माहं. दे, वडा दे."

पान आधी बाहेर भिंतीवर ठेवलं. कावळा यायला वेळ लागला नाही. मग तिघं जेवायला बसले. सुधा वहिनीच्या गोष्टी सांगत राहिली, मोठ्याने, चंचलसमोर, आणि मधे मधे चंचल तिला दुरुस्त करत राहिली.

दुपारी सुधा कलंडल्यावर चंचलने खुंटीवरची कापडी पिशवी काढली. संक्रांतीपासून ती तशीच टांगलेली होती. चश्मा काढून तिने घागरीजवळ ठेवला. तिळगुळाचा डबा धुतला, पुसला आणि त्यात वडे भरले. घरोघरी दाखवायला आई वेगळे ठेवायची ते चित्रांचे पत्ते मोजले नाहीत, नुसते सरळ केले.

"कोठी?" दादारावांनी विचारलं.

"तिगावले. गौरवच्या घरी. आई गेली होती नं."

दादारावांनी तिच्या हातातली पिशवी घेतली. वच्छलाकडे हळदीकुंकू होतं. आपण काय घेऊन जायचं, दारात उभं राहून त्या सासूला काय सांगायचं, हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी फोन लावला. अमिताने उचलला, काकूंचं ऐकून ती हळहळली, आणि आवाज खाली करून म्हणाली की सासूबाई अभ्यासाला अजून नाहीच म्हणतात. पण तुम्ही या.

"चंचलले आणू का?" दादारावांनी विचारलं.

"आणा," अमिता म्हणाली.

त्या दिवशी गाडी निघून गेली होती. दुसऱ्या दिवशी बगीच्याला पाणी द्यायचं होतं. वडे सुधाने आणि चंचलने संपवले. पिशवी आता खुंटीवर नाही, दाराशी ठेवलेली आहे. तिगावला जायचं अजून राहिलं आहे.